उशाशी आलेले रूळ

भिंतीतल्या भोकातून शिट्टी वाजली आणि चिमुकली मालगाडी खडखडत कुमुदताईंच्या उशाशी येऊन थांबली. मांडीचं हाड मोडून त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हॉलभर मांडलेल्या आपल्या छोट्या रेल्वेचे रूळ लेकाने भिंत फोडून थेट आईच्या पलंगापर्यंत आणले होते. रोज संध्याकाळी उघड्या डब्यातून झोपेची एक गोळी यायची. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंत हो!" पण रूळ आले आणि लेकाचं येणं थांबलं. आला तो फक्त गेल्या रविवारी, टेप घेऊन. पलंग मोजता मोजता म्हणाला, "मोठं जंक्शन इथेच बसेल बघ."

"आणि मी रे?" कुमुदताईंनी विचारलं, तर नुसता हसला.

आज डबा गोळ्यांनी काठोकाठ भरला होता.

"सगळ्या घे हं, आई," भिंतीपलीकडून लाडिक आवाज आला. "डबा रिकामा झाल्याशिवाय गाडी परत नेणार नाही मी."

कुमुदताईंनी इंजिनच रुळांवरून उचललं आणि उशीखाली दडवलं. आता त्याला स्वतः यावं लागणार होतं. समोर आला की विरघळेल. आपलंच तर पोर.

तो आला. दार आतून लावून घेतलं. इंजिनाविना उभा डबा त्याने पाहिला, उशीचा उंचवटा पाहिला. आईच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.

"ती उशी दे बघू इकडे," तो हळूच म्हणाला.