पक्की

मच्छरदाणी घरात एकच होती. गोदाक्कांनी ती माहेरपणाला आलेल्या लेकीच्या खाटेला बांधली. सुनेचं तोंड उतरलेलं पाहून वर ठसक्यात सुनावलं, "तुला डेंगू होऊन गेलाय. गोवर कधी परत येतो का? तू आता पक्की झालीस!"

घट बसले आणि सून पुन्हा तापाने फणफणली. या खेपेला हिरड्यांतून रक्त आलं.

"आजी, डेंगूच्या जाती चार," दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली. "पहिल्या वेळी शरीराने उभे केलेले राखणदारच कधीकधी दुसऱ्या जातीला दार उघडून देतात. होऊन गेलेल्यालाच जास्त जपायचं असतं."

जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेल्या गोदाक्का तडक घरी आल्या. लेकीच्या खाटेची मच्छरदाणी सोडून त्यांनी दवाखान्यात नेली.

सुनेने डोळे जेमतेम उघडले. "राहू द्या, आत्याबाई. वन्संना लागेल. मी पक्की आहे ना!"