पाठराखीण

"काय झळकतेय बघा ही अँटीबॉडी! शोधनिबंधावर पहिलं नाव हेमांगीचं!" सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच सर म्हणाले. सारी प्रयोगशाळा हेमांगीभोवती जमली. शरयू मागेच उभी राहिली.

विषाणूच्या जनुकाचं तोंड बंद करणारं औषध शरयूचं होतं. पण विषाणू लपायचा तो रोगाशी लढणाऱ्या पेशींतच, आणि औषधाला त्यांचं दार काही उघडत नव्हतं. कालपरवा आलेल्या हेमांगीच्या अँटीबॉडीनं त्याला बोट धरून आत नेलं. हिरवा चमकता रंग लावला होता तो अँटीबॉडीला. औषध कुणाला दिसतही नव्हतं.

"नवरीपेक्षा पाठराखीणच उजळ," शरयू पुटपुटली. तिच्या लग्नात सोबत गेलेल्या धाकट्या बहिणीकडे बघत सासरच्या बायका हेच म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पेशींतलं हिरवं तेज विझत आलं होतं. शरयूला मनातून बरं वाटलं. "तुझी पाठराखीण निघाली गं माहेरी!"

"ती परतत नाही, शरयूताई," हेमांगी हसली. "नवरीला घरात सोडते नि तिथंच विरघळते. विषाणू बघा ना."

विषाणू वाढलाच नव्हता. न दिसणारं औषध आत सुखानं नांदत होतं. शरयूचे डोळे भरून आले.

तेवढ्यात हेमांगीनं हाक दिली, "सर, पहिलं नाव ताईंचं घाला!"

सगळे कौतुकानं वळले, ते हेमांगीकडेच. नाव शरयूला मिळालं. उजळ मात्र आजही पाठराखीणच ठरली.