डावी पाकळी

चंदर गुरवानं देवळातला पंखा बंद केला. वाऱ्यानं पडलेला कौल देव धरत नाही, असं त्याचं म्हणणं. रिक्षाचा खाकी शर्ट त्यानं खुंटीला अडकवला, पंचा गुंडाळला आणि देवासमोर मांडी घातली. देऊळ म्हणजे तरी काय, मांजर्लीतल्या कोकणवाल्यांनी वर्गणी काढून बांधलेली एक खोली. पण आतला पाषाण गावावरून आणलेला, आणि कौल लावायची पद्धत पण गावचीच.

समोर सदू बसला होता, बाजूला त्याची पोरगी किर्ती. बारावी झालेली. इंजिनियरिंगला कॉम्प्युटरची सीट लागली होती तिला, आणि ती घेतो की सोडतो ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. सदूला घ्यायची होती. पोरीला नको होती. तिला भूगोल घेऊन बीए करायचं होतं. घरात यावरून एवढं झालं की बापलेक आता आईच्या मार्फत बोलत होते, एकाच ताटलीतली चटणी मागायची असली तरी. शेवटी आईच वैतागली. म्हणाली, जा, देवाला विचारा, आणि पडेल तो कौल दोघं गप मान्य करा.

चंदरनं जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

सदूनं हात जोडले आणि पोरीला कॉम्प्युटरला घालायचं बोलायला लागला. चंदरनं त्याला तिथंच थांबवलं. शिकणार कोण, तू? मग जो शिकणार त्यानं विचारायचं. तू नुसता होय म्हाराजा म्हण.

किर्ती देवाकडे बघून बोलली, बापाकडे नाही.

"मला भूगोल घ्यायचाय. घेऊ का?"

सदू हसला. म्हणाला, विचार, विचार, नद्यांची नावं पाठ करायला पगार कोण देतं ते पण विचारून घे. अंबरनाथच्या कंपनीत मशीनवर त्याची अर्धी जिंदगी गेलेली. नखातलं काळं तेल दिवाळीच्या उटण्यानं पण निघत नाही. पोरीनं एसीत, खुर्चीवर बसून काम करावं असं त्याला वाटत होतं. त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही.

चंदर त्याच्याकडे न बघता पोरीला म्हणाला, "देवाक सगळा म्हायत असता. पण बोलूचा आपणच लागता. कित्याक व्हयो भूगोल, ता सांग."

किर्तीनं ओढणी सारखी केली.

"पूर आला तेव्हा सगळ्यांनी गाड्या बिल्डिंगच्या मागं नेऊन लावल्या. नदी पुढच्या बाजूला आहे म्हणून. मी सांगत होते, मागची जागा खोल आहे, पाणी आधी नाल्यातून मागंच चढणार. बाबांनी पण स्कूटर मागंच नेली." ती जरा थांबली. "कुठं आधी भरणार ते जमीन बघून कळतं. नकाशावर काढता येतं. पाणी यायच्या आधी लोकांना सांगायचं, असं काम असतं. माणसं नोकरी म्हणून करतात ते. मला ते करायचंय, देवा. मी सांगितलं तर कुणीतरी ऐकलं पाहिजे, एवढं तरी शिकायचंय."

ती स्कूटर भंगारात गेली होती. आणि त्या दिवशी जिन्यात उभा राहून सदू पोरीला बोलला होता, शाळेतला भूगोल मला शिकवू नकोस. सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं होतं ते.

चंदरनं डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. ह्या चेडवानं तुझ्यापुढं जे मांडलंय त्याचा खरा काय तो निकाल दे, म्हाराजा. सदूचं "होय म्हाराजा" निघालं, पण घशातल्या घशात.

मग बसून राहायचं. कौलाचं काम असंच असतं, घाई करून उपयोग नाही. बाहेर घंटागाडी येऊन गेली. चंदरच्या पाठीवरनं घाम उतरत होता. उजवी पाकळी लिंपल्यासारखी बसली होती, हलायचं नाव नाही.

डावीचं टोक सुटलं.

किर्तीनं ते बघितलं आणि मान खाली घातली. पाकळीखालून एक थेंब ओघळून पाषाणावरनं खाली आला, आणि त्याच्या मागोमाग पाकळी सरकायला लागली. अजून थोडी सरकली असती तर सदूचं काम झालं असतं.

सदू गुडघ्यावर उठला. हात पुढे केला, आणि अंगठ्यानं पाकळी परत देवाच्या खांद्यावर दाबली.

चंदर बघतच राहिला. इतकी वर्षं कौल लावतो, पण असलं कधी बघितलं नव्हतं.

"सदू, कौलाक हात लावूचो नसता."

"पाणी जास्त लावलंयस तू," सदू म्हणाला. अंगठा त्यानं काढला नाही.

"मगे काय, उजवी पडासर हयच बसतलंस?"

"पडेपर्यंत बसतो की," सदू म्हणाला. "आज शुक्रवार. कंपनीला सुट्टी आहे."