दम धर

उद्या तान्हा पोळा. नातीला मिरवायला लाकडी बैल नको होता, आजोबांचं इंजिन हवं होतं. म्हणून वारलूभाऊंनी पत्र्याचं इंजिन बनवलं आणि काळं रंगवलं. पिवळ्या रेघा तेवढ्या राहिल्या आणि त्यांनी अंथरूण धरलं. रेल्वेच्या छोट्या लाइनच्या खऱ्या इंजिनांवर जन्मभर रेघा ओढलेला माणूस. आता ब्रश त्यांच्या सुनेच्या, मंजुषाच्या हातात होता.

"दम धर, मंग ओढ," ते खाटेवरून छताकडे बघत म्हणाले. "रेघ पुरी होयेपर्यंत सोडू नोको."

"हो, मामाजी."

ती श्वास रोखायची तेव्हा तेही रोखायचे. जुनी सवय. रेघ संपली की ती श्वास सोडायची आणि मागून त्यांचाही सुटायचा, "हां." दर रेघेला एक "हां."

बॉयलरवरची लांब रेघ तिने न थांबता केबिनपर्यंत नेली आणि श्वास सोडला. मागून काही आलं नाही. तिने वळून पाहिलं. छातीवरची चादर हलत नव्हती. ती उठली, त्यांच्या नाकापाशी बोट धरून बघितलं, आणि परत जागेवर येऊन बसली.

"बाबाले चाय आनू का?" अंगणातून नवऱ्याने विचारलं.

तिने इंजिन फिरवलं. दुसरी बाजू अजून नुसती काळी होती. तिने ब्रश रंगात बुडवला.

"दम धरा जी," ती म्हणाली. "मामाजीची एक रेघ रायली."

आणि तिने श्वास रोखला.