झिरो बघा

"तात्या, कालच तर भरलंत! अर्ध्याहून जास्त आहे की," पंपावरची रोहिणी टाकीत डोकावत म्हणाली.

"मला काय सांगतेस? ह्याला सांग." तात्यांनी मोटरसायकलवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. पेट्रोल संपल्याची बोंब तो रोजच ठोकायचा.

रोहिणीनं नळी उचलली आणि मीटरकडे मानेनं खूण केली. "तात्या, झिरो बघा."

बायको गेल्यापासून दिवसभरात त्यांना कुणी हाक मारून बोलत असेल, तर एवढंच.

रविवारी मुलगा आला आणि दिवा दुरुस्त करून गेला. "बाबा, रोजची कटकट मिटली."

सोमवारी दिवा शहाण्यासारखा विझलेला होता, तरी तात्या पंपावर हजर.

"दिवा तर बंद आहे. आज काय काढलंत?"

"काही नाही गं," टाकीचं झाकण उघडत तात्या म्हणाले, "झिरो बघायचा राहिला होता."