सरपंचांचा रेशीम मार्ग

आप्पासाहेबांनी ताट पुढं ढकललं आणि नाकाला रुमाल लावला.

"पावण्याला घोड्याचं मटण वाढतात व्हय? वासानंच मळमळतंय."

"ते शेजारच्या टेबलावरचं आहे, सरपंचसाहेब," टूर मॅनेजर प्रांजली म्हणाली. "तुमचा वरण-भात येतोय."

बिश्केकमधला तो तिसरा दिवस. कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान असा बारा दिवसांचा रेशीम मार्गाचा दौरा होता. संभाजीनगरहून निघालेल्या बावीस जणांत गंगापूर तालुक्यातलं हे एकच जोडपं. निरोप द्यायला आलेली गावची माणसं आप्पासाहेबांना सरपंच, सरपंच म्हणत होती. मग सगळा गटच तसं म्हणू लागला.

यायचा हट्ट मात्र त्यांच्या बायकोचा, भामाबाईंचा. तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडं काही मागितलं नव्हतं. या उन्हाळ्यात त्या अडून बसल्या. काशी नको, तिरुपती नको, हाच रस्ता बघायचा. बाईमाणसाला रेशमाची हौस असायचीच, असं म्हणून आप्पासाहेब तयार झाले.

वरण-भात आला. आप्पासाहेबांनी चार घास खाल्ले, गुटख्याची पुडी तोंडात सोडली आणि थोड्या वेळानं शेजारच्या फुलांच्या कुंडीत थुंकले. भामाबाईंनी आपलं ताट उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

"काय झालं?"

"वास येतोय."

"मी तेच म्हणतोय मघापासनं," आप्पासाहेब म्हणाले.

पाचव्या दिवशी ताश्कंदला हॉटेलात नाश्ता करताना पुतण्याचा, भारतचा फोन आला.

"आप्पा, डोहातली मोटार नेली."

"कुणी?"

"तहसीलची माणसं. पंचनामा केला, पाइप कापले."

दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. गावाजवळ गोदावरीच्या पात्रात एकच डोह उरला होता आणि गावाची नळयोजना त्याच्यावरच होती. आप्पासाहेबांनी त्यात चोरून मोटार टाकली होती. त्यांचे सात टँकर ते पाणी शहराच्या कडेला उठलेल्या नव्या इमारतींना नेऊन ओतायचे. गावाचे नळ महिनाभर कोरडे होते. बायका डोहाच्या कडेला खड्डे करून त्यातलं गढूळ पाणी लुगड्याच्या फडक्यानं गाळून नेत.

"तक्रार कुणाची?"

"नाव सांगंनात."

"कचरू. दुसरं कोण? मोटार कुठं लपवलीय ते त्यालाच माहीत." कचरू त्यांच्या शेतावरचा राखणदार. बायकापोरांसकट तिथल्याच झोपडीत राहायचा. "त्याला आजच्या आज भाईर काढ. भांडीकुंडी फेकून दे."

भामाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आपण घरी जाईस्तोवर थांबा. तोंडावर इचारा त्याला. पाठीमागं केलं तर लोक म्हणतील, भ्याले."

आप्पासाहेबांनी विचार केला. त्यांना ते पटलं.

"भारत, ऱ्हाऊ दे. मी आल्यावर बघतो."

त्यांनी प्रांजलीला गाठलं. लगेच परत जायचं म्हणाले. ग्रुपचं तिकीट आहे, मधेच बदलता येत नाही, असं तिनं सांगितलं. मग ते तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत फोन लावत बसले. कुणी उचलेना. उचललाच तर साहेब मीटिंगमध्ये असत. समरकंदच्या निळ्या घुमटांखाली बाकीचे फोटो काढत होते, हे भिंतीला पाठ लावून शिव्या देत होते. रेशमाच्या दुकानात सगळ्या बायका घुसल्या. भामाबाई बाहेर पायरीवरच बसल्या.

आठव्या दिवशी तहसीलनं सातही टँकर जप्त केल्याचं भारतनं कळवलं.

नवव्या दिवशी बुखाऱ्यात प्रांजलीनं गटाला एका जुन्या हौदावर नेलं. दगडी पायऱ्या हिरव्या पाण्यात उतरत होत्या.

"पूर्वी शहरातले लोक असल्या हौदांचं पाणी प्यायचे," ती सांगत होती. "यातच हातपाय धुवायचे, यातूनच पखाली भरायच्या. मग पायातून हातभर लांब जंतू निघायचा."

"नारू," भामाबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्या पायातून निघाला व्हता. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा वढायचे. तुटला तर पाय सडायचा."

दोघीतिघींनी तोंडं फिरवली.

"शी! जेवायच्या टायमाला काय बोलती," आप्पासाहेब खेकसले. त्यांनी हातातली अर्धी भरलेली बाटली हौदात भिरकावली. "घाणेरडे लोक. असलं पाणी प्यावंच कशाला माणसानं?"

भामाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग ओकारी आल्यासारखा त्यांनी तोंडावर पदर दाबला.

"काकू, बरं वाटत नाही का?" प्रांजलीनं विचारलं.

"बरंय बाई. लई दिसांचं हाय. थांबंल आता."

गावी पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी आप्पासाहेबांनी कचरूला अंगणात उभं केलं.

"बोल. कुणाला जाऊन भेटलास?"

"मी कुठं गेलो नाय, आप्पा. लेकरांची आण."

"खोटं बोलतो? माझं खाऊन माझ्यावरच उलटतो?"

त्यांनी पायातली चप्पल काढली. कचरूनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"त्याला हात लावू नका," भामाबाई ओसरीच्या पायरीवरून म्हणाल्या.

"तू आत हो."

त्या हलल्या नाहीत. तेवढ्यात दारात जीप थांबली. तहसीलमधले तरुण अधिकारी हातात कागद घेऊन उतरले. आप्पासाहेबांनी चप्पल झटकन पायात सरकवली, तोंडातली पुडी थुंकली आणि दोन्ही हात जोडून हसत पुढं झाले.

"या साहेब, या. मीच येणार होतो कचेरीत. कुणीतरी माझ्याबद्दल तुमचे कान भरलेत. बसा, समदं सांगतो."

अधिकारी त्यांना ओलांडून पुढं गेले. ओसरीपाशी थांबून त्यांनी तो कागद भामाबाईंसमोर धरला.

"सरपंचबाई, पंचनाम्यावर तुमची सही तेवढी राहिलीय. तुम्ही बारा दिवस दिले होते. आम्ही आठातच उरकलं."