सावलीची जाडी

रोदोपीच्या डोंगरात पूल बांधताना स्पास मिस्त्रीने दोरीने दगडाची लांबी, रुंदी, जाडी मोजली, घनफळाला घनतेने गुणलं. वजन अर्धा टन भरलं. कप्पीने दगड बसवला; मापाची दोरी खाली चुन्यातच राहिली. कोल्यो गवंडी खिदळला, "मिस्त्री, मोजताना दोन्काची सावली दगडावर होती! स्वतःच्या नातीलाच पुरलंत की!" जेवण घेऊन आलेली दोन्काही हसली. स्पास हसला नाही. मोजलेली सावली बांधकामात गाडली की माणूस चाळीस दिवसांत मरतो, असं गवंडी मानत. "अहो, सावलीला जाडी कुठे असते? शून्याने गुणा, वजन शून्य!" कोल्यो म्हणाला. हिशेब चोख होता. तरी नातीला घरी पाठवून स्पासने उन्हाकडे पाठ केली आणि नवी दोरी कोल्योपुढे धरली. "माझी सावली मोज. दगड उचलू, दोन्काची दोरी काढून माझी ठेवू." कोल्योने हात पाठीमागे नेले.